तीन पायऱ्यांपैकी एक उरली आहे

सन्माननीय कारभारी मंडळी,
स. न. वि. वि.

हे पत्र कोणाच्या नावाने लिहावं यातच आठ दिवस गेले. रस्ता एका खात्याचा, गटार दुसऱ्याचं, विजेचा खांब तिसऱ्याचा, आणि भिंतींना रंग फासणारा ठेकेदार, विचारायला गेलं तर कोणाचाच नाही. मी तीन टेबलांपुढे उभा राहून आलो. तिन्ही टेबलांनी शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तेव्हा आमच्या आळीतल्या घरांच्या ओट्यांवर ज्यांच्या सांगण्यावरून रस्ता रुंदीकरणासाठी चुन्याच्या रेघा पडल्या, त्यांनी हे पत्र आपल्यालाच आलं असं समजावं. गावातल्या इतरांनीही वाचावं म्हणून ते उघडं लिहिलं आहे.

मी रत्नागिरीत रिक्षा चालवतो. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा माझी पहिली रिक्षा दीड वर्षाची होती. त्याआधी वडिलांच्या हाताखाली होतो. ते शाकारणी करायचे. अक्षय्यतृतीयेला जे छपरावर चढायचे ते मिरगाच्या तोंडावर खाली उतरायचे. कौलं काढायची, झाडायची, फुटकी बाजूला टाकायची, वाळवी लागलेली रीप बदलायची आणि पागोळीपासून पुन्हा एकावर एक बसवत आढ्यापर्यंत जायचं. खालून कौलं द्यायचं काम माझं. त्यामुळे गावातली बरीच जुनी घरं मी आधी वरून पाहिली आणि मग रस्त्यावरून.

आमचं स्टेशन गावात नाही. गाव खाली समुद्राजवळ, स्टेशन वर कुवारबावला. पाहुण्यांना हे अंतर कटकटीचं वाटतं. माझं पोट त्याच अंतरावर चालतं, हे आधीच कबूल करतो. पण पोटापलीकडेही मला ते अंतर आवडतं. संध्याकाळची जनशताब्दी पकडायची असते, हॉटेल सोडून झालेलं असतं, पायाशी बॅगा, एकीत आंबापोळी आणि कोकम कोंबलेलं, आणि हातात सव्वा-दीड तास. मांडवीचा किनारा मागे पडला की मागच्या सीटवरून प्रश्न येतोच, "काका, वाटेत काही बघण्यासारखं आहे का हो?"

त्या प्रश्नाची मी वाट बघत असतो.

आधी टिळक आळी. २३ जुलै १८५६ ला लोकमान्य जिथे जन्मले ते घर. लोकांना मोठा वाडा बघायचा असतो, आणि समोर येतं कौलारू, जांभ्याच्या भिंतींचं साधं घर. "एवढंच?" म्हणतात, आणि आत गेल्यावर आवाज खाली येतो. मग पतितपावन मंदिर, १९३१ सालचं. पैसा भागोजीशेठ कीरांचा, सावरकर त्या वेळी याच जिल्ह्यात स्थानबद्ध, आणि सगळ्या जातींच्या हिंदूंना दार मोकळं. मग चढण चढून थिबा पॅलेस. इथे माझं एक ठरलेलं पालुपद आहे, रोज म्हणतो तरी कंटाळा येत नाही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली मंडालेहून उचललं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. या वाड्यात तो राहायला आला १९१० साली. नेमके त्याच वर्षी टिळक कुठे होते? मंडालेच्या तुरुंगात. आमच्या गावात जन्मलेला माणूस मंडालेत कैदी, आणि मंडालेचा राजा आमच्या गावात कैदी. टिळक १९१४ साली सुटून आले. राजा सुटला नाही, १९१६ च्या डिसेंबरात इथेच गेला. शिवाजीनगरात त्याची समाधी आहे. २०१२ साली म्यानमारचे अध्यक्ष त्या समाधीवर फुलं वाहायला आले होते.

मागच्या सीटवर एव्हाना मोबाइल खिशात गेलेला असतो.

टिळकांचं घर आणि राजाचा वाडा, दोन्ही सरकारी संरक्षणात आहेत. त्यांच्याबद्दल माझं आज गाऱ्हाणं नाही. गाऱ्हाणं आहे ते या दोहोंच्या मधल्या घरांबद्दल. त्यांच्यावर पाटी नाही, तिथे कोणी थोर पुरुष जन्मला नाही. मास्तर, कारकून, सोनार, खलाशी, भिक्षुकी करणारे, अशांनी बांधलेली ती घरं. पण ती आहेत म्हणून पॅलेस कळतो. राजासाठी काय बांधलं? आमचाच जांभा, आमच्याच पावसाला घाबरून केलेलं उतरतं छप्पर, त्यावर ब्रह्मी कोरीवकाम. आळीतलं घर आधी पाहिलेला माणूस वाड्यापुढे उभा राहिला की लगेच ओळखतो, की दोन्ही छपरं एकाच शाळेत शिकलेली आहेत. मधली घरं काढून टाका, मग पॅलेस म्हणजे माळावर उभी केलेली एक परकी इमारत, बास.

मागच्या एप्रिलमध्ये एक मुलगी होती, आर्किटेक्चर शिकणारी. आळीतल्या एका घरापाशी तिने रिक्षा थांबवायला लावली आणि उतरून सरळ भिंतीला तळहात लावला. दुपारचं ऊन, अंगाची लाही होत होती. "गार आहे!" म्हणाली. मी तिला सांगितलं, जांभ्याचा चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, तासून हवा तसा करता येतो, आणि उघड्या वाऱ्यावर राहिला की घट्ट होत जातो. त्याच्या अंगावरची ही भोकं बुजवायची नसतात, भिंत त्यातून ओल घेते आणि सोडते. ती पडवीच्या खांबापाशी वाकली, वर बघितलं, वाशावर बोट टेकवून म्हणाली, "हा एकच वासा तिकडून आढ्यापासून इथपर्यंत आलाय?" आलाय. किंजळीच्या लाकडाचा आहे. घरातल्या आजींनी तिला कोकम सरबत दिलं, माजघरात नेलं, माळ्याचा जिना दाखवला. पॅलेसला जायला वेळच उरला नाही. गाडी कशीबशी मिळाली. मुंबईला पोचल्यावर तिने मला तिच्या वहीतलं चित्र पाठवलं. त्यात राजाचा वाडा नव्हता, आमच्या आजींची पडवी होती.

त्याच पडवीवर आता तुमची रेघ आहे.

एका सकाळी दोन माणसं आली, टेप धरली, चुन्याचं बोट ओढलं आणि पुढच्या घरी गेली. विचारलं तर "रुंदीकरण" एवढा एकच शब्द मिळाला. कागद नाही, तारीख नाही. आळीतल्या सात घरांच्या ओट्यांवर आणि पडव्यांवर अशा रेघा आहेत. कुणी म्हणेल, घर कुठे पाडतायत, पुढची चार-पाच फूट पडवी तर जातेय. शाकारणीवाल्याचा मुलगा म्हणून सांगतो, पडवी हा घराला चिकटवलेला दागिना नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो. ती झड पडवी आपल्या अंगावर घेते, म्हणून आतली भिंत कोरडी राहते. जुन्या भिंतींत चिऱ्यांच्या सांध्याला बऱ्याच ठिकाणी नुसती माती आहे. पडवी कापली की झड थेट त्या सांध्यांवर. आणि वर वासा एका उतारात आलेला असतो, त्याचं टोक तोडून खालचा खांब काढला की अख्ख्या छपराचा तोल बदलतो. घर लगेच पडणार नाही. दोन पावसाळे काढेल. तिसऱ्या वर्षी तुमचाच माणूस येऊन "धोकादायक" अशी नोटीस दाराला चिकटवेल.

नोटिशीचंही बोलूनच टाकतो. ती फार चटकन येते. एका घरावर आली तेव्हा मी स्वतः माळ्यावर चढून बघितलं. तीन वासे वाळवीने खाल्लेले आणि दोन ठिकाणी कौलं सरकलेली, त्यातून पाणी उतरून भिंतीचा एक कोपरा फुगलेला. दोन सुतार आणि एक शाकारणीवाला पंधरा दिवसांत ते घर उभं करून देतील. नोटीस लिहिणारा माळ्यावर चढला नव्हता. त्याने रस्त्यावरून फोटो काढला होता. मालक सगळे मुंबईत, उताऱ्यावर चौदा नावं, एकमेकांशी बोलत नाहीत. नोटीस आल्यावर मात्र चौदाही जण एक झाले आणि बिल्डरकडे गेले. दोष त्यांचाही आहेच. पण दुरुस्तीच्या परवानगीला जो वेळ लागतो त्याच्या निम्म्या वेळात घर पाडायची मोकळीक मिळत असेल, तर माणूस कुठल्या रांगेत उभा राहील?

आता पायऱ्या. आमच्या आजींच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, जांभ्याच्या, मधोमध झिजलेल्या. त्यांच्या सासूबाई तिथे बसून तांदूळ निवडायच्या म्हणे. मी रिक्षा घेतली तेव्हा तीन होत्या, मी मोजलेल्या आहेत, कारण मधल्या पायरीवर पाय टेकवून आम्ही पोरं कॅरम खेळणाऱ्यांकडे बघत उभे राहायचो. मग डांबराचा एक थर आला, त्यावर दुसरा, मग काँक्रीट. जुना थर खरवडून नवा टाकायचा असतो एवढं मला रिक्षावाल्याला कळतं. आता एक पायरी उरली आहे. रस्ता घराच्या जोत्याला आला. जुलैत रस्त्यावरचं पाणी उंबऱ्याशी येतं, आणि जांभा ते खालून पिऊन वर चढवतो. भिंतीला कमरेइतकी ओल दिसते ती छपराची नाही, रस्त्याची आहे. मागच्या पावसात आजी उंबऱ्यात उभ्या राहून मला म्हणाल्या, "बाबू, पायरी गेली रे माझी. आता पाणी विचारून येत नाही." त्या हसत होत्या. मी हसू शकलो नाही.

रंगाचं प्रकरण ऐकून तुम्हालाही हसू येईल, किंवा यावं. सुशोभीकरण निघालं होतं. एका जुन्या आवाराची भिंत, उत्तम घडीव चिऱ्यांची, सांधे असे की सुरी जाणार नाही. तिच्यावर आधी सिमेंटचा गिलावा मारला. त्यावर पुट्टी. त्यावर तांबडा ऑइलपेंट. आणि मग एक पोरगा पट्टी आणि पांढरा रंग घेऊन आला आणि त्या तांबड्यावर चिऱ्यांच्या रेघा काढत बसला, म्हणजे भिंत जांभ्याची दिसावी! मी रिक्षा बाजूला घेऊन बघत राहिलो. त्या पोराची चूक काही नव्हती, रेघा सरळ काढत होता बिचारा. खऱ्या जांभ्यावर खोट्या जांभ्याचं चित्र काढायचे पैसे कुणीतरी मंजूर केले, त्या सहीबद्दल मी बोलतोय. दुसऱ्या पावसाळ्यात आतली ओल बाहेर पडायला जागा शोधू लागली आणि रंगाचे फोड आले. आता तिथे पोपडे लोंबतात. पाहुणे विचारतात, "ही भिंत अशी का?" मी गिअर बदलतो.

पाट्यांबद्दल थोडक्यात. गावाचं नाव मोठाल्या अक्षरांत लिहून शेजारी उभं राहून फोटो काढायची सोय केलीत, छान. १८२८ पासून चालत आलेलं वाचनालय या गावात आहे, हे सांगणारी पाटी मात्र मला वाटेत दिसत नाही.

माझ्या विरुद्ध बोलणारेही आहेत, त्यांचं खोटं नाही. अरुंद आळीत सगळ्यात जास्त शिव्या रिक्षावाल्यालाच खाव्या लागतात. सकाळी दहाला मालाचा टेम्पो समोर उभा राहिला की मीच हॉर्न वाजवतो. रुग्णवाहिका अडकलेली मी पाहिली आहे. पण आळी कशाने अडते ते रोज बघतो म्हणून सांगतो. ती पडवीने अडत नाही. दोन्ही बाजूंनी लावलेल्या गाड्यांनी अडते. पडवी कापून जी जागा निघेल तिथे आठवड्यात बुलेट आणि स्कूटर उभ्या राहतील, आणि मी पुन्हा तिथेच हॉर्न वाजवत असेन.

वादळाचंही कबूल करतो. जून २०२० मध्ये निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे कौलं पत्त्यासारखी उडाली. लोक म्हणाले, बघा, स्लॅबच बरा. मीही एके काळी तेच म्हणालो होतो. २००९ साली वडिलांचं कौलारू घर उतरवून मी स्लॅब घातला. वडील तेव्हा होते. काही बोलले नाहीत. उतरवलेल्या कौलांतली चांगली वेगळी काढून त्यांनी परसात रचून ठेवली. खाऱ्या हवेने बारा वर्षांत सळ्या गंजल्या, छताचे तुकडे पडायला लागले, पाणी गळायला लागलं. मग सगळे करतात तेच मी केलं, स्लॅबवर लोखंडी सांगाडा आणि पत्रा. म्हणजे उतरतं छप्पर शेवटी मला बांधावंच लागलं, दुप्पट खर्चाने आणि तिप्पट गरम. कोकणात फिरताना स्लॅबवर पत्रे दिसले की समजा, तिथे पावसाने कुणाची तरी परीक्षा घेतलेली आहे. परसातली ती कौलं अजून आहेत. शेवाळ धरलंय, पण वाजवून बघितली तर खणखणीत वाजतात.

तर मागण्या. फार नाहीत.

ओट्यांवरच्या रेघांचा कागद दाखवा. कोणत्या आराखड्यात, किती रुंदी, कोणत्या तारखेला ठरली ते आळीत बसून मराठीत सांगा. तोपर्यंत पडवीच्या खांबाला हात लावू नका.

रुंदीकरणाआधी सहा महिने साधा उपाय करून बघा. आळी एकमार्गी करा, गाड्या एकाच बाजूला, माल उतरवणं सकाळी आठच्या आत. रिक्षावाले पाळतील. न पाळणाऱ्याचं नाव मी स्वतः आणून देईन, मग आमच्या स्टँडवर माझं काय व्हायचं ते होवो.

जुन्या घरांची यादी करा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींची आणि वारसा परिसरांची तरतूद आहे, तेव्हा नवा कायदा करायला कोणी सांगत नाही. एकेक घर सुटं न धरता आळीच्या आळी धरा. यादीत नाव आलं की मालकाच्या गळ्यात धोंडा, असं मात्र होऊ देऊ नका. घरपट्टीत सवलत द्या, आणि कौलं-वासे बदलायची परवानगी पंधरा दिवसांत, तीही मे महिन्याआधी. जूनमध्ये मिळालेली शाकारणीची परवानगी चुलीत घालायच्या कामाची.

धोकादायक नोटीस काढण्याआधी लाकडी छप्पर कळणारा सुतार आणि एक अभियंता, दोघांनी माळ्यावर चढून बघावं. शिडी मी देतो.

पुढचा थर टाकण्याआधी जुना खरवडा. रस्ता जोत्याच्या खाली गेला पाहिजे.

आणि जांभ्यावर रंग, गिलावा, पुट्टी यांतलं काही नको. भिंत धुवायची असेल तर पाऊस धुतो, त्याचं बिल येत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण बदलीवर आलेले आहात हे मला माहीत आहे. कधीतरी तुमचीही गाडी पकडायची वेळ येईल. पण त्याआधी, पुढची मोजणी करायला याल तेव्हा सकाळी सातला या, ऊन चढायच्या आत. मी नाक्यावर उभा असतो. सातही घरांपाशी थांबू, आजींकडे चहा होईल, तुम्हाला वाटलं तर माळ्यावरही चढू. हातात टेप असूच द्या. शेवटच्या पायरीची उंचीही मोजून घ्या, नऊ इंच भरेल.

परतीचं भाडं घेणार नाही.

कळावे,
आपला,
एक रिक्षावाला, रत्नागिरी